सरकारनं मागून नेलेली जाळी

अव्वेला लकवा मारला त्या वर्षी मी कॉलेजात होते. उजवा हात आणि पाय लुळे पडले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे तिची मराठी गेली. पार गेली. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यापासून मंगळवार पेठेतल्या बायकांशी तोंडाला तोंड देऊन बोलणारी, भाजीवाल्याला मंडईभर ऐकू जाईल असा दम देणारी माझी आई. आता तिच्या तोंडून फक्त माहेरची कानडी निघायची, तीही सुटी सुटी. तिचं माहेर सीमेपलीकडचं. आम्ही घरात आईला अव्वा आणि वडिलांना अप्पा म्हणायचो, तेवढीच काय ती कानडी आमच्याकडे उरली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. मागून शिकलेली भाषा आधी जाते.

अप्पांना कानडी येत नव्हती. इतकी वर्षं गरजच पडली नव्हती. एका सकाळी अव्वा त्यांच्याकडे बघत पुन्हा पुन्हा म्हणायला लागली, "हालु, हालु." अप्पा तिच्या उशाशी बसले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"व्हय गं," ते म्हणाले. "हाल हायत खरं. पर मी हाय की."

मी आजोळी सुट्ट्या काढलेल्या, मला थोडंफार कळायचं. म्हटलं, "अप्पा, तिला दूध पाहिजे. हालु म्हणजे दूध."

अप्पा उठून स्वैपाकघरात गेले आणि बराच वेळ दूध तापवत राहिले.

त्यांचं उद्यमनगरात वर्कशॉप होतं. लोखंडी गेटं, पत्र्याच्या शेडची कैची, उसाच्या ट्रॉल्या अशी कामं. बोलायला आडदांड माणूस, पण घरी आला की अव्वेच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायचा आणि नुसता तिचा लुळा हात चोळत राहायचा. आमचा जिना उंच आणि अरुंद. तिला खाली नेणं अवघड होतं हे खरं, पण ती स्वतःच जायला तयार नव्हती. कुणी भेटायला आलं की पदर तोंडावर ओढून भिंतीकडे वळायची. तिचं वाकडं तोंड कुणी बघू नये असं तिला वाटायचं.

त्या सुमारास पेपरात देशाच्या नव्या उपग्रहाबद्दल येत होतं. दिल्लीचा कार्यक्रम आता उपग्रहावरून सगळीकडे पोचणार वगैरे. मुंबई-पुण्यात टीव्ही होता, कोल्हापुरात नव्हता. आमच्या बोळाच्या तोंडाशी एका चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचे वडील आणि आमचे आजोबा एकाच तालमीतले, त्यामुळे चाचांचं येणं घरच्यासारखं. तेच एकदा अप्पांना म्हणाले, "टॉवर आपल्याकडं यायला वेळ हाय. पर वरनं जे पडतंय ते धरायला टॉवर कशाला लागतोय? मोठी जाळी लावली तर सरळ उपग्रहाचंच धरता येतंय. पुण्यात एकानं केलंय, मी बघून आलोय."

"जाळी मी करतो," अप्पा म्हणाले. "बाकीचं तुम्ही बघा."

मग दोघांनी जे केलं ते मंगळवार पेठेनं कधी बघितलं नव्हतं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवून, छत्रीच्या काड्यांसारख्या जोडून, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक जाळी ताणून बारा फुटी परात तयार झाली. पाकळ्या सुट्या करून गच्चीवर चढवली आणि वर पुन्हा बोल्ट आवळले. तोंड आभाळाकडे, जरासं दक्षिणेला कललेलं. शेजारच्या काकू खालून ओरडल्या, "अवो, दक्षिणेकडं तोंड करून काय लावताय? यमाची दिशा ती!" अप्पा वरून म्हणाले, "यमाकडचं न्हाय वो काकू, दिल्लीचं धरतोय!" सगळा बोळ हसला.

चाचांनी कुठून कुठून भाग आणून जोडलेला डबा जाळीखाली बसवला आणि पुण्याहून मागवलेला टीव्ही अव्वेच्या खाटेसमोर ठेवला. पहिले काही दिवस पडद्यावर नुसत्या मुंग्या. नंतर एका संध्याकाळी मुंग्यांतून एक बाई उमटली आणि हिंदीतून बातम्या सांगू लागली. अव्वेला हिंदी एक अक्षर कळत नव्हतं. तरी ती उशीवरून मान उचलून त्या बाईकडे बघत राहिली, आणि तिच्या मागे उभे राहून अप्पा तिच्याकडे.

त्यानंतर ती रोज बघायची. पिकांवर पडणाऱ्या किडीची माहिती, कुठल्या तरी मंत्र्याचा दौरा, काहीही. आणि एकदा, कुठल्याशा गाण्याच्या कार्यक्रमात, दोन म्हाताऱ्या बायका जात्यावरच्या ओव्यांसारखं कानडी गाणं म्हणत होत्या. अव्वेनं आधी नीट ऐकलं. मग त्यांच्याबरोबर गायला लागली. बोलताना अडखळणारी तिची जीभ गाताना अडखळत नव्हती. ती सबंध ओळच्या ओळ म्हणत होती. अप्पांनी मला हाताला धरून बाहेर जिन्यात आणलं आणि विचारलं, "काय म्हणत्या रे ती?" त्यांच्या तोंडी माझ्यासाठी नेहमी 'रे'च असायचं.

"सुगीचं गाणं आहे," मी म्हटलं. "नीट कळत नाही मला."

"असू दे," ते म्हणाले, आणि तिथेच पायरीवर बसून ते संपेपर्यंत ऐकत राहिले.

जाळीची बातमी गावभर झाली तशी सरकारी कचेरीपर्यंतही गेली. एक प्रौढ साहेब आले. चष्मा, हातात फाईल, आवाज हळू पण कडक. खाजगी माणसाला असा परस्पर उपग्रहाचा संदेश घेता येत नाही, परवाना लागतो, नाहीतर उतरवावी लागेल.

"उपग्रह तुमचा," अप्पा म्हणाले. "पर जाळी माझी, गच्ची माझी. आणि आत खाटंवर हाय ती बायकू माझी. तिच्यासाठी केलंय."

साहेबांनी आत डोकावून बघितलं. अव्वेनं पदर ओढून घेतला. साहेब थोडे ओशाळले, पण म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण परवाना काढा." अप्पांनी हेलपाटे घालून तो काढला आणि आमची जाळी कायदेशीर झाली.

पुढे वर्षभरात सरकारचं स्वतःचं केंद्र आलं. कळंब्याच्या बाजूला एका माळावर छोटा टॉवर, त्याच्याशेजारी सरकारी मोठी जाळी. ती उपग्रहाचं धरायची, टॉवर गावाला वाटायचा. घराघरावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उगवले. आमच्याकडेही एक लागला, कारण त्याच्यावर चित्र जास्त स्वच्छ यायचं. जाळी तशीच गच्चीवर राहिली. अप्पा तिचे बोल्ट अधूनमधून आवळायचे, का ते कुणी विचारलं नाही.

मग एका वैशाखात वळवाचं वादळ आलं. गावात पत्रे उडाले, झाडं पडली, आणि माळावरची सरकारी जाळी मुळापासून उपटून खालच्या नाल्यात जाऊन आदळली. कोल्हापूरचे सगळे टीव्ही एकदम आंधळे झाले. लोक चिडले, कारण रविवारचा सिनेमा बुडणार होता. कचेरीतले लोक घाबरले, कारण दोन दिवसांनी दिल्लीहून देशाला उद्देशून मोठं भाषण व्हायचं होतं आणि ते जिल्ह्यात दिसलंच पाहिजे असा वरून आदेश होता. नवी जाळी यायला महिना-दोन महिने लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बोळात जीप येऊन थांबली. तेच चष्म्याचे साहेब जिना चढून आले. त्यांच्याबरोबर एक तरुण इंजिनिअर होता, केंद्र त्याच्याच ताब्यात होतं. कपड्यांना चिखल, डोळे तांबारलेले.

"या पावणं," अप्पा म्हणाले. "परवान्याची मुदत संपली काय?"

तो तरुणच बोलला, मोडक्या मराठीत, पण सरळ. "आमचं डिश गेलं. तुमचं डिश पाहिजे. दुसरीकडे कुठेच नाही. मी चौकशी केली."

"म्हणजे सरकारला माझी जाळी पायजे?"

"होय."

"जी उतरवा म्हणून आलतासा, तीच?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तीच," ते म्हणाले.

अप्पांना त्या क्षणी किती बोलता आलं असतं. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण त्या आधीच खाटेवरून आवाज आला.

"याव ऊरु?"

कुठल्या गावचा तू, असं अव्वा त्या इंजिनिअरला विचारत होती. त्याच्या मराठीतला हेल तिनं ओळखला होता. तो चमकून वळला. धारवाडजवळच्या एका खेड्याचं नाव त्यानं सांगितलं आणि आपोआप खाटेजवळ जाऊन खाली जमिनीवरच बसला. तिनं पुढे काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं. तिनं आणखी विचारलं. शब्द तुटक येत होते, तो थांबून वाट बघत होता, मधला शब्द सुचवत होता. ती 'हौदु, हौदु' म्हणून मान हलवत होती. बोलता बोलता तिचा पदर खाली आला होता आणि तिनं तो सावरला नाही.

अप्पा दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

शेवटी तिनं विचारलं, "ऊटा आतेनु?" जेवलास का? त्यानं हसून मान हलवली, कालपासून जेवलो नाही म्हणाला. मी भाकरी आणि पिठलं वाढून आणलं. तो खात असताना अप्पा साहेबांना म्हणाले, "न्या. पर माझी माणसंच सोडवतील आणि माझी माणसंच जोडतील. वाकडीतिकडी झाली तर चालायची न्हाय."

"नानू बर्तेनि," अव्वा म्हणाली.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायच्या आधीच त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा आवाज वेगळाच निघाला. "तू? तू येणार म्हणतीस?"

"हौदु."

दीड वर्षात ती जिना उतरली नव्हती. वेताच्या खुर्चीत बसवून अप्पांनी आणि वर्कशॉपच्या एका माणसानं तिला खाली आणलं. बोळातल्या बायका दारात आल्या. शेजारच्या काकूंनी पुढे होऊन तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. अव्वेनं तोंड लपवलं नाही. टेम्पोत मागे पाकळ्या रचल्या, पुढे ड्रायव्हरशेजारी अव्वा आणि मी, आणि चाचा आपला डबा लेकरासारखा मांडीवर घेऊन मागे जाळीत बसले.

माळावर वारा मोकाट होता. खाली कळंब्याचं तळं दिसत होतं, उन्हाळ्यानं आटलेलं, कडेला म्हशी डुंबत असलेल्या. अव्वेची खुर्ची केंद्राच्या भिंतीच्या सावलीत ठेवली. दुपारभर जोडणी चालली. संध्याकाळी चाचांनी डबा बसवला, तर काहीच नाही. नुसत्या मुंग्या. चाचा म्हणाले, "आमच्या गच्चीवर तर झकास धरत होता," आणि डब्याला चापट मारली. इंजिनिअरनं मग आपलं मीटर लावलं, हिशेब केला, आणि अप्पांना म्हणाला, तोंड एवढं कललेलं नको, अजून थोडं वर. अप्पांनी खांदा लावून जाळी रेटली. तो आकड्यावर डोळे लावून म्हणत होता, अजून, अजून, थोडं मागे. "साकु!" तो एकदम ओरडला. पुरे. आतल्या लहान पडद्यावर रंगीत पट्ट्या उभ्या राहिल्या, स्वच्छ. चाचांनी त्याला मिठी मारली. "बेटा, जे मला आठ दिवस लागलं ते तू घटकेत केलास की!"

कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. चहा झाला. अप्पा जाळीकडे बघत इंजिनिअरला म्हणाले, "एक सांगा. एवढं मोठं सरकार, आणि मंगळवार पेठेतल्या कोंबडीच्या जाळीवर चालणार?"

तो हसला नाही. वर बोट दाखवून म्हणाला, "तो उपग्रह पण आपण केलेला नाही. परदेशात एका कंपनीनं बांधला. वर सोडला तो पण त्यांच्याच यानातून. त्याच्या आधीचा एक होता, तो काही महिन्यांत बंद पडला. आम्ही इथे खाली बसून काय करणार? काही नाही."

"म्हणजे सरकार बी दुसऱ्याच्या आधारानं चालतंय म्हणायचं."

"आत्ता चालतं," तो म्हणाला. "आपले लोक शिकतायत. होईल."

अप्पांनी मान डोलवली. अव्वेच्या खुर्चीवरची शाल वाऱ्यानं घसरली होती, ती त्यांनी उठून तिच्या खांद्यावर नीट घातली.

भाषण जिल्हाभर दिसलं. दुसऱ्या दिवशी साहेब कागद घेऊन आले. सरकारी जाळी येईपर्यंत आपली जाळी काढून नेणार नाही, असं अप्पांनी लिहून द्यावं.

"सही कशापायी?" अप्पा म्हणाले. "दिली म्हंजे दिली."

"पण उद्या तुमचं आमचं काही बिनसलं, तर? सगळा जिल्हा तुमच्या मर्जीवर राहील."

"मग तुमीच दोन करून ठेवायच्या हुत्या की." त्यांनी सही केली नाही. साहेब कागद घडी करून काळजीत गेले.

ती काळजी अगदीच खोटी ठरली असं नाही. महिनाभरात वर्कशॉपची पुढची शेड पाडायची सरकारी नोटीस आली. शेड रस्त्यात आलेली होती हे खरंच होतं, पण तशा आणखी दहाजणांच्या होत्या. उद्यमनगरातले लोक अप्पांना सांगू लागले, "अवो, तुमच्या हातात नाडी हाय त्यांची! एक बोल्ट ढिला करा, बघा कशी नोटीस मागं घेत्यात." चाचासुद्धा म्हणाले, "नुसतं काढतो म्हणा. काढायचं न्हाय, म्हणायचं."

दर रविवारी अप्पा अव्वेला घेऊन माळावर जात होते. तसा त्या दिवसापासून नेमच पडला होता. अव्वेला त्या इंजिनिअर पोराशी बोलायचं असे, आणि अप्पा शेजारी बसून शब्द गोळा करत. ऊन म्हणजे काय, वारा म्हणजे काय, पाठ दुखते का हे कसं विचारायचं. नोटीस आल्यानंतरच्या रविवारी ते पान्हे घेऊन निघाले तेव्हा मला धडकी भरली. मीही बरोबर गेले.

त्यांनी सगळे बोल्ट तपासले, ग्रीस लावलं, वाऱ्यानं सैल झालेले दोन घट्ट केले आणि खाली उतरले.

"अप्पा, शेडचं काय?" मी विचारलं.

"शेड पाडतील."

"मग सांगा की त्यांना. तुम्ही म्हणालात तर ऐकतील."

त्यांनी हात फडक्याला पुसले. खाली गावाकडे बघितलं. "तुझ्या अव्वेगत किती जणं पडून असतील तिथं खाटंवर," ते म्हणाले. "संध्याकाळची वाट बघत. सरकारचा राग त्यांच्यावर काढू व्हय?"

शेड पाडली. अप्पांनी स्वतः पत्रे उतरवून घेतले, मोडू दिले नाहीत. वर्षभर वेल्डिंग उघड्यावर करावं लागलं, पावसाळ्यात ताडपत्री बांधून. त्याबद्दल ते चिडचिड करायचे, शिव्याही द्यायचे, पण जाळीचा आणि शेडचा संबंध त्यांनी पुन्हा कधी जोडला नाही.

पावसाळा संपता संपता नवी सरकारी जाळी आली. आमची सन्मानानं टेम्पोत घालून परत पाठवली, साहेब स्वतः बरोबर आले. खाली बोळात उभे राहून त्यांनी अप्पांना हात जोडले. म्हणाले, "खरं सांगतो, हे महिने मला झोप नव्हती. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. पण सरकारी माणसाला कुणाच्या भलेपणावर काम चालवायची सवय नसते."

"नसावीच," अप्पा म्हणाले. "मी भला निघालो. दुसरा निघाला नसता." मग त्यांना वर बोलावून चहा दिला.

इंजिनिअरची बदली थोड्या दिवसांनी झाली. निरोपाला आला तेव्हा अव्वेनं डाव्या हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खूप वेळ बोलली. काय ते मी विचारलं नाही. जाताना जिन्यात तो डोळे पुसत होता.

अव्वेची मराठी परत आली नाही. पण रविवारी बाहेर जायचं तिनं सोडलं नाही. माळावर जायचं आता काही कारण नव्हतं, म्हणून अप्पा तिला रिक्षानं कळंब्याच्या तळ्यावर न्यायचे. बांधावर चादर टाकून दोघं बसत. एकदा मी पाहुण्यांना घेऊन तिकडून जात होते तेव्हा लांबून दिसली. अप्पा हातवारे करून तिला काहीतरी सांगत होते, चुकीच्या कानडीत असणार, कारण ती मान मागे टाकून हसत होती. वाकडं तोंड वाऱ्याला उघडं टाकून, मोठ्यानं. मी हाक मारली नाही. पाहुण्यांना म्हटलं, चला, पलीकडून जाऊ.